वेताळ, फँटम की किट वॉकर? काल्पनिक पात्राच्या लेखाला नाव देताना

मराठी विकिपीडियावर एखाद्या काल्पनिक पात्रावर लेख लिहायला घेतला की मजकुराच्या आधी शीर्षक द्यावं लागतं, आणि बरेच जण तिथेच अडतात. कवटीची अंगठी घालणारा, कवटीच्या गुहेत राहणारा तो मुखवटाधारी वीर घ्या. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांत त्याची चित्रमालिका सुरू केली, तेव्हा तो 'द फँटम' होता. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने त्याला भारतात आणलं आणि मराठी वाचकांसाठी तो वेताळ झाला. गोष्टीत त्याचं खासगी नाव किट वॉकर. बंगाली वाचकाला विचारलंत तर तो सांगेल, हा अरण्यदेव. यातलं एकही नाव चुकीचं नाही, पण शीर्षकात एकच बसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शीर्षक म्हणजे पात्राचा जन्मदाखला नव्हे. 'खरं' नाव कोणतं, हा प्रश्न लेखाच्या पहिल्या परिच्छेदाने सोडवायचा. शीर्षकापुढे प्रश्न एवढाच असतो की मराठी वाचक हे पात्र कोणत्या नावाने ओळखतो आणि कोणत्या नावाने शोधायला येईल. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की लेखाच्या चर्चा पानावर महिनोन्‌महिने वाद चालतात.

आधी बघा, स्वतंत्र लेख हवाच आहे का

कादंबरीतल्या, मालिकेतल्या प्रत्येक पात्राला लेख लागत नाही. मूळ कलाकृती सोडून इतर कुणी त्या पात्रावर काही लिहिलं आहे का, ते पाहा: समीक्षा, मुलाखती, भूमिका करणाऱ्या नटांबद्दलचे लेख, पात्राच्या जन्मकथेवरचं लेखन. काहीच सापडत नसेल तर पात्राची माहिती कलाकृतीच्या लेखातच एका विभागात द्या आणि पात्राच्या नावाचं पुनर्निर्देशन (ते नाव शोधणाऱ्याला आपोआप दुसऱ्या पानाकडे नेणारी सोय) त्या विभागाकडे करा. मग शीर्षकाचा प्रश्नच उरत नाही.

सगळी नावं एकदा कागदावर येऊ द्या

धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, एक यादी करा. त्यात जन्मनाव, टोपणनाव, घरचं हाक मारायचं नाव, वेषांतरातलं नाव, पदवी, मराठी अवतारातलं नाव आणि या प्रत्येकाची वेगवेगळी लेखनं येऊ द्या. समोर लिहा की हे नाव कुठे दिसलं: पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, संवादात, श्रेयनामावलीत, वर्तमानपत्रात, की फक्त चाहत्यांच्या बोलण्यात.

यादी करताना इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. 'डोरेमॉन'मधला दांडगट मुलगा आपल्याकडच्या पोरांना जियान म्हणून माहीत आहे. २०१४ साली अमेरिकेत आलेल्या इंग्रजी आवृत्तीत मात्र तो 'बिग जी' आणि नोबिता 'नोबी' झाला. इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिणारा हीच नावं मराठीत आणतो आणि ज्यांच्यासाठी लेख लिहिला त्या मुलांना हे कोण, तेच कळत नाही. टिनटिनच्या कुत्र्याची गोष्ट याच्या उलट आहे. मूळ फ्रेंचमध्ये तो मिलू, बंगालीत कुट्टूस. इंग्रजी पुस्तकांतून टिनटिन वाचलेल्या मराठी वाचकाला मात्र तो स्नोई म्हणूनच ठाऊक. इथे इंग्रजी नाव घेणंच योग्य. मूळ भाषेचा मान राखायला 'मिलू' लेखाच्या पहिल्या वाक्यात येतोच की.

कोण काय म्हणतं, ते मोजा. पण डोळे उघडे ठेवून

आता यादीतलं प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा. शोधयंत्र वर जो आकडा दाखवतं तो अंदाज असतो. त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. निकालांच्या पहिल्या दोनतीन पानांवरचे लेख प्रत्यक्ष उघडा आणि त्यांतले विकिपीडियाचीच नक्कल असलेले बाजूला काढा. जाहिराती, तिकीटविक्री आणि दुकानांची पानंही काढा. उरतील ते वाचा.

वजन द्यायचं ते स्वतंत्रपणे लिहिलेल्या मराठी मजकुराला: वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, दिवाळी अंक, नाट्यसमीक्षा, वाङ्मयेतिहासाची पुस्तकं. निर्मिती संस्थेने प्रसिद्धीसाठी काढलेलं पत्रक हे अधिकृत नाव सांगतं, रूढ नाव सांगत नाही. स्पायडरमॅनच्या इंग्रजी नावात मध्ये एक आडवी रेघ असते आणि मालक कंपनी ती जपते. मराठीत लिहिताना कुणी ती घालत नाही. आपणही घालू नये.

वेळेचाही विचार करा. 'फास्टर फेणे' शोधलं तर २०१७ च्या चित्रपटाचे परिणाम धो-धो येतात. म्हणून चित्रपटातला फेणे हाच मुख्य, असं ठरत नाही. भा. रा. भागवतांनी त्याला कागदावर जन्म देऊन तोवर काही दशकं झाली होती, १९८० च्या दशकात तो दूरदर्शनवरही येऊन गेला होता. ताज्या बातम्यांचा पूर ओसरल्यावर काय उरेल, याचा अंदाज घ्यावा लागतो. याच पात्राचं शाळेच्या पटावरचं नाव बनेश फेणे. शीर्षक 'बनेश फेणे' करावं असा प्रस्ताव कुणी आणला तर तो नम्रपणे नाकारा. 'बनेश'वरून पुनर्निर्देशन पुरेसं आहे.

राव, मास्तर, दा: नावातले मानवाचक शब्द

खऱ्या माणसांच्या लेखांत आपण 'श्री', 'मा.', 'साहेब' शीर्षकातून गाळतो. तोच नियम काल्पनिक पात्रांवर डोळे मिटून लावला की गंमत होते. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांमधला 'राव' काढला तर कोण उरतो? पुलंच्या चितळे मास्तरांचं 'मास्तर' गाळून 'चितळे' ठेवलं तर वाचक दुधाकडे वळेल. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं पूर्ण नाव प्रदोषचंद्र मित्र. 'फेलूदा'तला 'दा' हा गोष्टी सांगणाऱ्या चुलतभावाच्या तोंडचा, म्हणजे थोरल्या भावाला मारलेली हाक. पण मराठीतही तो फेलूदाच.

कसोटी सोपी आहे. तो शब्द गाळून नाव उच्चारा. ऐकणाऱ्याला पात्र ओळखू आलं नाही तर तो शब्द मान देण्यासाठी आलेला नाही, नावाचाच भाग आहे. लेखाच्या मजकुरात 'ते' लिहायचं की 'तो', हाही प्रश्न इथेच सोडवून टाकावा. फास्टर फेणे 'तो', चितळे मास्तर 'ते'. मूळ लेखकाने कसा उल्लेख केला आहे ते पाहा आणि लेखभर तेच ठेवा.

एक नाव, अनेक माणसं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू. काही नावं व्यक्तीची नसतात, पदाची असतात, आणि पद हातोहात जातं.

'कॅप्टन मार्व्हल' हे नाव घ्या. १९४० साली हे नाव घेऊन आलेला वीर पुढे डीसी कॉमिक्सकडे गेला आणि शझॅम म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६७ मध्ये मार्व्हल कॉमिक्सने त्याच नावाचा आपला वेगळा वीर आणला, मार-व्हेल. कॅरल डॅनव्हर्स १९६८ मध्ये साध्या पात्राच्या रूपात आली, १९७७ मध्ये 'मिस मार्व्हल' झाली आणि २०१२ पासून 'कॅप्टन मार्व्हल'. तिने सोडलेलं 'मिस मार्व्हल' हे नाव मग कमला खान या मुलीने घेतलं. आता 'कॅप्टन मार्व्हल' या शीर्षकाखाली कोणाचा लेख लिहाल? चित्रपट पाहिलेला वाचक कॅरल म्हणेल, जुना चित्रकथावाचक दुसऱ्याचं नाव घेईल. अशा वेळी व्यक्तीचं नाव शीर्षकात घ्यावं: 'कॅरल डॅनव्हर्स', 'कमला खान'. 'कॅप्टन मार्व्हल' हे निःसंदिग्धीकरण पान (एकाच नावाच्या वेगवेगळ्या लेखांची यादी देणारं पान) ठेवावं, त्यात हे सगळे ओळीने द्यावेत. बॅटमॅनच्या साथीदाराचंही तसंच. रॉबिन हे पद, ते सांभाळणारे डिक ग्रेसन, जेसन टॉड, टिम ड्रेक हे वेगळे.

पण हा नियम उलटा ताणू नका. पद एकाच व्यक्तीशी घट्ट चिकटलेलं असेल तर पदाचंच नाव ठेवायचं. स्पायडरमॅन म्हटलं की पीटर पार्कर. 'पीटर पार्कर'चं पुनर्निर्देशन 'स्पायडरमॅन'कडे, आणि माइल्स मोरालेसला त्याच्या नावाचा वेगळा लेख. वेताळाच्या कथेत तर वेताळपद बापाकडून मुलाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि आपण वाचतो तो एकविसावा. तरी आधीच्या विसांवर स्वतंत्र लेख लिहिण्याइतकं लेखन कुठे आहे? लेख एकच हवा, पदाच्या नावाने. पूर्वज त्यातल्या एका विभागात.

गुपित फुटेल म्हणून नाव बदलायचं का?

नाही. १९७७ च्या चित्रपटातला डार्थ वेडर पुढच्या भागांमध्ये ॲनाकिन स्कायवॉकर असल्याचं कळतं. शीर्षक 'डार्थ वेडर'च असावं, पण कथेतलं रहस्य लपवायला नव्हे. जगाच्या तोंडी तेच नाव आहे म्हणून. त्याच न्यायाने व्होल्डेमॉर्टच्या लेखाला 'टॉम रिडल' नाव द्यायचं नाही आणि गॉलमच्या लेखाला 'स्मिॲगल' नाही. ही जुनी नावं मात्र लेखात, पुनर्निर्देशनांत मोकळेपणी द्यावीत. विश्वकोश वाचायला आलेल्याला शेवट कळणारच. रहस्य टिकावं म्हणून माहिती दडवणं हे विश्वकोशाचं काम नाही.

मराठी मंचावर आलेले पाहुणे

मराठी रंगभूमीने परदेशी पात्रं नुसती भाषांतरित केली नाहीत, त्यांना नवीन घर, नाव, कूळ दिलं. आगरकरांच्या १८८३ च्या 'विकारविलसित'मध्ये हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि ती भूमिका गणपतराव जोशींनी गाजवली. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा झुंझारराव केला, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव. पुढे पुलंच्या 'ती फुलराणी'त लंडनची फुलं विकणारी एलायझा मंजुळा होऊन आली.

आता कुणी 'ऑथेल्लो'चा लेख 'झुंझारराव' नावाने हलवावा असं म्हणालं तर? हे टोक नको. ऑथेल्लोवर जगभर लिहिलं गेलं आहे आणि मराठी समीक्षकही त्याला ऑथेल्लोच म्हणतात. पण दुसरं टोकही नको, म्हणजे झुंझारराव फक्त पुनर्निर्देशन करून ऑथेल्लोकडे पाठवायचा. मी असं करेन: मराठी पात्रावर वेगळं लेखन असेल, त्या भूमिकेची परंपरा असेल, तर त्याला मराठी नावाने स्वतंत्र लेख. मंजुळा या कसोटीला सहज उतरते, कारण भक्ती बर्वे यांच्या भूमिकेने ती मराठी प्रेक्षकांची स्वतःची झाली. तेवढं लेखन नसेल तर मराठी नाव मराठी नाटकाच्या लेखाकडे वळवावं, मूळ इंग्रजी पात्राकडे नव्हे. 'झुंझारराव' शोधणाऱ्याला देवलांच्या नाटकाकडे जायचं असतं. व्हेनिसला नाही.

लेखन: दिसायला एक, संगणकाला दोन

परदेशी नावांत मूळ उच्चार आणि मराठीतली रूढी यांची ओढाताण असते. शेरलॉकच्या आडनावातला 'ल' उच्चारत नाहीत, म्हणून 'होम्स', आणि मराठीतही तेच रूढ आहे. तिथे प्रश्न नाही. ॲगाथा ख्रिस्तींच्या बेल्जियन गुप्तहेराचं आडनाव मात्र पायरो, पॉयरो, प्वारो असं तिन्ही प्रकारे दिसतं. मूळ उच्चार प्वारोच्या जवळचा. तरीही मराठी अनुवादांत आणि वर्तमानपत्रांत जे रूप जास्त आढळतं ते शीर्षकात घ्यावं, बाकीच्यांची पुनर्निर्देशनं करावीत, आणि मूळ उच्चार पहिल्या ओळीत द्यावा. भारतीय भाषांतल्या नावांना हाच न्याय. स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवणारा बंगाली गुप्तहेर संस्कृत व्युत्पत्तीने 'व्योमकेश' असला तरी १९९३ च्या दूरदर्शन मालिकेपासून आपल्याकडे 'ब्योमकेश' रुळला आहे. तेच ठेवा. 'बक्षी' आणि 'बक्शी' या दोन्ही रूपांवरून मात्र लेखापर्यंत पोहोचता आलं पाहिजे.

आणखी एक तांत्रिक भानगड. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधी आणि अजूनही काही कळफलकांवर 'अ' वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण विकिपीडियाच्या दृष्टीने ती दोन वेगळी शीर्षकं. 'ॲलिस' किंवा 'ॲनाकिन' असं नाव असेल तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं पुनर्निर्देशन आठवणीने करा, नाहीतर कुणीतरी 'लेखच नाही' म्हणून दुसरा लेख सुरू करेल. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेल्या नावांतही असंच होतं.

कंस कधी, कोणता

नाव दुसऱ्या कशाचंही असेल तरच कंस. उगाच 'तात्या विंचू (काल्पनिक पात्र)' लिहू नका. दुसरा तात्या विंचू कुठे आहे? कवट्या महाकाळलाही कंसाची गरज नाही. मात्र सांगली जिल्ह्यातला कवठे महांकाळ तालुका शोधणारा चुकून 'धडाकेबाज'च्या खलनायकाकडे येऊ शकतो, आणि उलटही. दोन्ही लेखांच्या डोक्यावर 'हाही लेख पाहा' अशी एक ओळ दिली की काम झालं.

कंस लागलाच तर त्यातला शब्द आधीच्या लेखांशी जुळता ठेवा. एकीकडे 'पात्र', दुसरीकडे 'व्यक्तिरेखा', तिसरीकडे 'कॅरेक्टर' अशी मिसळ नको. आणि कंसापेक्षा नैसर्गिक, रूढ असं लांब नाव मिळत असेल तर ते केव्हाही बरं.

आता वेताळाकडे येऊ. 'वेताळ' हे साधं शीर्षक त्याला मिळू शकत नाही. गोव्यातल्या आमोण्याच्या देवळापासून पुण्याच्या वेताळ टेकडीपर्यंत आणि विक्रमाच्या पाठीवरच्या वेताळापर्यंत या नावाचे जुने, भक्कम हक्कदार आहेत. 'फँटम' घ्यावं तर ते लढाऊ विमानाचं आणि ऑपेरातल्या भुताचंही नाव. 'किट वॉकर' फक्त चाहत्यांना माहीत. म्हणून माझी पसंती 'महाबली वेताळ' या शीर्षकाला. कंस टळतो, देवाशी गल्लत होत नाही आणि इंद्रजाल वाचलेला माणूस लगेच ओळखतो. 'द फँटम', 'फँटम (चित्रकथा)', 'किट वॉकर', 'वेताळ (चित्रकथा)' ही सगळी पुनर्निर्देशनं. 'वेताळ' लेखाच्या माथ्यावर एक दिशादर्शक ओळ.

चर्चा पानावर मांडताना

लेख आधीपासून दुसऱ्या नावाने असेल तर परस्पर स्थानांतरण करू नका, म्हणजे तो नव्या नावाकडे हलवू नका. आधी प्रस्ताव लिहा. 'हेच नाव बरोबर आहे' एवढं लिहून कुणी पटत नाही. नटसम्राटाच्या पात्रासाठी प्रस्ताव असा लिहिता येईल:

'प्रस्ताव: या लेखाचं शीर्षक "अप्पासाहेब बेलवलकर" असावं. नाटकात पात्राचं नाव गणपतराव बेलवलकर असलं तरी १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने नाटक रंगमंचावर आणल्यापासून समीक्षेत आणि डॉ. श्रीराम लागूंच्या भूमिकेवरच्या लेखनात हे पात्र बहुधा अप्पासाहेब म्हणून येतं. संदर्भ खाली जोडले आहेत. २०१६ च्या चित्रपटात दिसणारं "गणपत रामचंद्र बेलवलकर" हे पूर्ण नाव पहिल्या वाक्यात येईल. "गणपतराव बेलवलकर" आणि "आप्पासाहेब बेलवलकर" ही पुनर्निर्देशनं असतील. "नटसम्राट" हे शीर्षक नाटकासाठीच राहील, कारण ती पदवी इतरांनाही दिली गेली आहे. विरुद्ध मत असल्यास संदर्भासह मांडावं.'

इथे मानवाचक शब्द, लेखनभेद, मूळ नाव आणि पदवी या चारही मुद्द्यांना आधीच उत्तर दिलं आहे, आणि समोरच्याकडे मत नव्हे तर संदर्भ मागितला आहे. आठवडाभर वाट पाहा. कुणी बोललंच नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, एक ओळ टाका. विरोध झाला आणि दोन्ही नावांना सारखेच संदर्भ निघाले, तर आहे ते नाव राहू द्या. सारख्या वजनाच्या दोन नावांत अदलाबदल करून वाचकाचा काही फायदा होत नाही.

हलवल्यानंतरची आवराआवर

स्थानांतरण झालं की 'येथे काय जोडले आहे' हा दुवा उघडा. लेखाकडे कुठून कुठून दुवे येतात ते तिथे दिसतं. जुन्या नावाकडे जाणारी पुनर्निर्देशनं आता दोन उड्या मारत असतील, ती थेट नव्या शीर्षकाकडे वळवा. साचे आणि वर्ग पाहा. लेखाचं पहिलं वाक्य बदला, त्यात सगळी महत्त्वाची नावं ठळक अक्षरांत आली पाहिजेत. विकिडाटावर (सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांचा सामायिक माहितीसाठा) मराठी नाव आणि उर्फ नावांची भर घाला, म्हणजे इतर भाषांतून येणाऱ्यांनाही पात्र सापडेल. आणि चर्चा पानावरचा प्रस्ताव पुसू नका. दोन वर्षांनी नवा चित्रपट येईल, नवा संपादक तेच नाव बदलायला येईल, तेव्हा त्याला तिथेच पाठवता येईल.